वाटाड्या कुत्रा कोणाचा?

माघ महिना उतरणीला लागला की सह्याद्रीतील दिवसाला दोन ऋतू असतात. सूर्य वर येईपर्यंत हात बगलेत धरावेत असा गारवा, आणि दहा वाजता पायाखालचा कातळ तापू लागलेला. गवत पिवळे पडून वाऱ्याबरोबर वाजत असते. पळस, पांगारा आणि काटेसावर यांची पाने गळून फुले डोकावू लागलेली असतात. अशा एखाद्या शनिवारी रात्री पुण्यामुंबईहून निघालेली डोंगरभटक्यांची टोळी पहाटे माळशेज घाटाच्या रस्त्यावर खुबी फाट्याला उतरते, पिंपळगाव जोगे धरणाच्या बांधावरून चालत खिरेश्वरला पोचते, चहा घेते आणि हरिश्चंद्रगडाच्या वाटेला लागते. वीस-पंचवीस पावले जातात न जातात तोच एखाद्या ओट्याच्या आडोशातून एक तांबूस कुत्रा उठतो, अंग ताणतो आणि कोणी न बोलावता टोळीच्या पुढे चालू लागतो.

ज्यांनी सह्याद्रीत थोडीफार पायपीट केली आहे त्यांना हा प्राणी नव्याने सांगावयास नको. राजगडाच्या वाटेवर तो भेटतो, तोरण्याच्या वाटेवर भेटतो, रतनगडावर भेटतो. खिरेश्वरचा कुत्रा टोळीला तोलार खिंडीपर्यंत नेतो, तेथील वाघ कोरलेल्या दगडापाशी क्षणभर टेकतो, खिंडीवरचा कातळटप्पा माणसे कठडे धरून चढत असताना त्यांच्या अगोदर वर जाऊन बसतो आणि मागे वळून पाहतो. पुढच्या झाडीत पायवाटांना फाटे फुटतात. तेथे नवखा माणूस घोटाळतो, कुत्रा घोटाळत नाही. दुपारी हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाच्या सावलीत तो पाय पसरतो, कोकणकड्याच्या काठाशी माणसांपेक्षा अधिक शहाणपणाने वागतो, आणि उतरताना पुन्हा पुढे असतो. या सर्व चाकरीचा मोबदला म्हणजे दोन बिस्किटे, डब्यातला उरलेला पोळीचा तुकडा आणि शहरात जाऊन मित्रांना दाखविली जाणारी त्याची पाच-सहा छायाचित्रे.

या कुत्र्याला टोळीतील तरुण सहजपणे ‘भटका कुत्रा’ म्हणतात. शब्दांची गंमत अशी की स्वतःला ‘भटके’ म्हणवून घेण्यात हेच तरुण अभिमान मानतात. वस्तुतः त्या दिवशी त्या वाटेवर भटका कोण आणि घरचा कोण, याचा निवाडा कुत्र्याच्याच बाजूने होईल. गावात कोणा वृद्ध गृहस्थाला विचारावे, तर तो म्हणतो, “हाकलू नका त्याला, दादा. वर नेऊन सोडतो अन् सांजच्याला येतो माघारी.” कुत्रा कोणाचा, असे विचारले तर “आपलाच आहे” असे उत्तर येते. या ‘आपलाच’मध्ये एक घर असू शकते, एक आळी असू शकते किंवा सारे गावही असू शकते. त्याच्या गळ्यात पट्टा नसतो, म्हणून तो बेवारस आहे असे शहरातून आलेला माणूस धरून चालतो. पट्टा म्हणजे मालकी ही कल्पना सदनिकांतील आहे, ती ओट्यावरची नव्हे.

तो का येतो? बिस्किटासाठी, हे नेहमीचे उत्तर अर्धेच खरे आहे. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील अनिंदिता भद्र व त्यांचे सहकारी रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या वर्तनाचा वर्षानुवर्षे अभ्यास करीत आले आहेत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात अनोळखी माणसाने काही कुत्र्यांना वारंवार खाऊ घातले, तर काहींना वारंवार कुरवाळले. काही दिवसांनी त्या माणसावर अधिक विश्वास टाकणारे कुत्रे निघाले ते कुरवाळलेले. गडवाटेवरच्या कुत्र्याला बिस्किटाची चव कळते यात शंका नाही, पण बिस्किट संपल्यावरही तो टोळी सोडत नाही याचे काही एक स्पष्टीकरण येथे मिळते.

कुत्र्याला सोबत घेऊन डोंगर चढण्याची आपल्या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध कथा महाप्रस्थानाची. हिमालयाच्या वाटेवर द्रौपदी व चार भाऊ एकामागून एक गळून पडले आणि धर्मराजाबरोबर अखेरपर्यंत चालत राहिला तो एक कुत्रा. इंद्राने रथ आणला तेव्हा, शरण आलेल्या या भक्ताला टाकून स्वर्ग नको, असे युधिष्ठिराने बजावले. ही कथा डोंगरभटक्यांत मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. परंतु एक भेद विसरला जातो. धर्मराजाला परत यावयाचे नव्हते. रविवारच्या गिरिभ्रमणकाराला सोमवारी कचेरीत हजर व्हावयाचे असते. त्याच्या स्वर्गाच्या रथात, म्हणजे परतीच्या एस.टी.त किंवा भाड्याच्या मोटारीत, कुत्र्याला जागा नसते, आणि असावी असे कोणी म्हणणारही नाही. प्रश्न असा, की रथ निघून गेल्यावर त्या कुत्र्याचा उरलेला आठवडा, आणि हंगाम सरल्यानंतरचे उरलेले महिने, कोणाच्या खात्यावर पडतात?

खाते हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. एखाद्या व्यवहाराचा लाभ एकाने घ्यावा आणि त्याचा काही खर्च व्यवहारात नसलेल्या तिसऱ्याच्याच माथी पडावा, या स्थितीची चिकित्सा आर्थर पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली आपल्या ग्रंथात केली. गिरणीचा धूर आणि शेजाऱ्याची मलिन झालेली धुणी हे त्याचे पाठ्यपुस्तकातील नेहमीचे उदाहरण. हरिश्चंद्रगडाच्या वाटेवरचे बिस्किट हे त्याचेच लहान रूप आहे. टोळीला सोबत मिळाली, कुत्र्याला घास मिळाला, दोघेही संतुष्ट. तिसरा पक्ष त्या चित्रात दिसत नाही, कारण त्यातील काही जण गावात असतात आणि काही झाडीत.

गावाचे म्हणणे आधी पाहू, कारण गावाच्या हिशेबात कुत्रा हा नुसता खर्च नाही. तो राखण करतो, हे तर झालेच. त्याहूनही कठोर असा एक उपयोग आहे, तो सांगताना कोणाही श्वानप्रेमीला जड जाईल. हरिश्चंद्रगड ज्या अकोले तालुक्यात येतो, त्याच तालुक्याच्या ऊस-बागायतीच्या, दाट वस्तीच्या भागात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला. विष्ठेच्या तपासणीवरून असे दिसले, की बिबट्याच्या पोटात गेलेल्या भक्ष्यात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा होता, आणि त्यांतही एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के. शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सुमारे सातपट असूनही त्यांचा वाटा मात्र ११ टक्क्यांच्याच आसपास. शेळी रात्री गोठ्यात बंद असते आणि कुत्रा अंगणात मोकळा असतो, एवढाच याचा अर्थ. सोप्या भाषेत, शेळीवाल्याच्या संसारावर येणारा घाला कुत्रा आपल्या अंगावर घेतो. टोळीबरोबर गडावर गेलेला आणि रात्री वरच मुक्कामाला राहिलेला कुत्रा गावाच्या अंगणातून वजा होतो आणि बिबट्याच्या रानात जमा होतो, हे ध्यानात घेणारे थोडे. मागील खेपेला भेटलेला कुत्रा या खेपेला दिसत नाही, तेव्हा तो ‘कोठेतरी गेला असेल’ असे म्हणून टोळी पुढे चालते.

आता झाडीचे म्हणणे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले. त्याचे क्षेत्र ३६१.७१ चौरस किलोमीटर. ज्या पायवाटेने टोळी जाते ती आजूबाजूच्या भेकरांची, सशांची, घोरपडींची आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचीही जागा आहे. कुत्रा वाटेवरून चालतो असे वाटते, परंतु दर दहा मिनिटांनी तो बाजूच्या गवतात शिरून येतो, आणि त्या फेरीत काय घडते ते टोळीला दिसत नाही. बहुतेक वेळा काही घडत नाही. पण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, वृत्तपत्रांतील वार्ता व प्रत्यक्ष पाहणाऱ्यांची माहिती एकत्र करून केलेल्या एका देशव्यापी पाहणीत कुत्र्यांनी वन्यप्राण्यांच्या ८० जातींवर हल्ले केल्याची नोंद मिळाली. त्यांपैकी ३१ जाती जगाच्या संकटग्रस्त यादीतील होत्या, आणि जवळजवळ निम्म्या घटना संरक्षित क्षेत्रांत किंवा त्यांच्या सीमेलगत घडल्या होत्या. या पाहणीतील एक संशोधक अबी वनक यांनी त्याआधी सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या माळरानावर खोकडाचा अभ्यास केला होता. तेथे कुत्रा खोकडाला पकडतो म्हणून नव्हे, तर नुसता असतो म्हणून खोकड आपली चांगली चरण्याची जागा सोडते, असे आढळले होते. भीती हाही एक खर्च आहे, आणि तो कोणत्याही पंचनाम्यात येत नाही.

याशिवाय रोग. गीरच्या जंगलात २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले, आणि त्यांतील काहींच्या शरीरात ‘कॅनाइन डिस्टेंपर’ या कुत्र्यांच्या रोगाचे विषाणू सापडले. तो विषाणू तेथे नेमका कोणत्या वाटेने गेला यावर वाद असू शकतो. लस न टोचलेले कुत्रे रानाच्या कडेने हिंडत असले, तर वाटा पुष्कळ असतात, एवढे मात्र वादातीत आहे.

परंतु या सर्वांहून जवळचा आणि जिवावरचा प्रश्न रेबीजचा. या रोगाविषयी दोनच वाक्ये पुरेत: लक्षणे दिसल्यानंतर रोगी वाचत नाही, आणि लक्षणांपूर्वी वेळेवर उपचार झाले तर तो जवळजवळ निश्चितपणे वाचतो. या दोन वाक्यांच्या मध्ये जे अंतर आहे ते पैशाचे, रस्त्याचे आणि माहितीचे आहे. भारतात दरवर्षी या रोगाने किती माणसे दगावतात याविषयीचे अंदाज एकमेकांपासून फार दूर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने अठरा ते वीस हजारांचा आकडा दीर्घकाळ सांगितला. अलीकडे घरोघर जाऊन केलेल्या एका देशव्यापी पाहणीतून वर्षाला सुमारे ५,७०० असा अंदाज निघाला. कमी आकडा धरला तरी दिवसाला पंधराहून अधिक मृत्यू होतात, आणि जगभरचा अनुभव असा, की या मृत्यूंतील मोठा वाटा पंधरा वर्षांखालील मुलांचा असतो. मूल कुत्र्याच्या उंचीचे असते, चावा डोक्याजवळ बसतो, आणि ओरडा बसेल या भीतीने ते घरी सांगत नाही.

शहरातील माणसाला कुत्रा चावला तर तो तासाभरात दवाखान्यात पोचतो. डोंगरपायथ्याच्या वाडीतील गुराखी पोराला चावला, तर लसीसाठी चार-पाच खेपा घालाव्या लागतात. प्रत्येक खेपेला बापाची मजुरी बुडते, एस.टी.चे भाडे पडते, आणि जखम खोल असेल तर लसीबरोबर जखमेत द्यावयाच्या प्रतिद्रव्यांच्या इंजेक्शनासाठी बहुधा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयाची वाट धरावी लागते. सरकारी लस फुकट असते हे खरे, पण फुकट लसीपर्यंत जाणे फुकट नसते. टोळीच्या बिस्किटांवर वाढलेल्या कुत्र्याने टोळीतील कोणाला चावा घेतला तर त्याची भरपाई करण्याची ऐपत टोळीत आहे. त्याने वाडीतील मुलाला चावा घेतला तर टोळीला त्याची वार्ताही कळत नाही.

यावर काही शहाणे लोक लगेच म्हणतील, मग गडावरचे कुत्रे हटवा. हा विचार जुना आहे. जून १८३२ मध्ये मुंबईत कुत्रे मारण्याच्या सरकारी आज्ञेविरुद्ध दंगल उसळली, आणि तीत कुत्र्याला पवित्र मानणारे पारशी आघाडीवर होते. ती दंगल धर्मभावनेची म्हणून सांगितली जाते, पण तिच्यामागे दराचाही प्रश्न होता. कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवलेले होते. भटका कुत्रा शोधून पकडण्यास कष्ट पडतात, घरच्या दाराशी बसलेला पाळीव कुत्रा मात्र आयताच हाती लागतो. बक्षीस दोहोंना सारखेच! मग पकडणारे कोठे वळले असतील ते सांगावयास नको. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षे शहरांनी कुत्रे मारले आणि शहरांत कुत्रे राहिलेच, कारण अन्न शिल्लक होते. जागा रिकामी झाली की शेजारच्या आळीतले कुत्रे तेथे येतात, आणि पिल्लांचा पुरवठा तर कधी थांबत नाही. तोही किती क्रूर असतो याची कल्पना पश्चिम बंगालमधील एका अभ्यासावरून येईल: पाहणीत असलेल्या ३६४ पिल्लांपैकी वयात येईपर्यंत जगली सुमारे १९ टक्के. आणि बाकीच्यांच्या मृत्यूंतील बहुतेक मृत्यूंना माणूस या ना त्या प्रकारे कारण होता.

शहरातील कुत्र्यांविषयीचा वाद २०२५ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन गाजला. ११ ऑगस्टला दिल्ली व परिसरातील कुत्रे उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश झाला. २२ ऑगस्टला त्यात बदल होऊन, निर्बीजीकरण व लसीकरण करून पिसाळलेले व आक्रमक कुत्रे वगळता बाकीचे मूळ जागी सोडावेत आणि खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा नेमाव्यात, असे ठरले. नोव्हेंबरात शाळा, रुग्णालये, स्थानके यांच्या आवारांविषयी वेगळा आदेश आला. या साऱ्या चर्चेत रस्ता, सोसायटी, महापालिका हे शब्द पुन्हा पुन्हा आले. डोंगरपायथ्याच्या वाडीचा शब्द आला नाही. वाडीला महापालिका नसते, कुत्रे पकडणारी गाडी नसते, आणि निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया करणारे केंद्रही जवळपास नसते.

पशुगणनेत कुत्र्यांचे दोन रकाने असतात, पाळीव व भटके. २०१९ च्या गणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे पावणेतेरा लाख भटके कुत्रे नोंदले गेले. खिरेश्वरचा ‘आपलाच’ कुत्रा यांतील कोणत्या रकान्यात बसतो? गणना करणारा कर्मचारी ज्या घराशी पोचतो त्या घराच्या उत्तरावर ते अवलंबून असते. वन्यजीव संरक्षण कायद्यात तर याहून मौजेची स्थिती आहे. १९७२ च्या या कायद्यात १९९१ साली एक कलम घालण्यात आले. अभयारण्यातील आणि त्याच्या पाच किलोमीटर परिसरातील पशुधनास संसर्गजन्य रोगांच्या लसी टोचण्याची तजवीज मुख्य वन्यजीव रक्षकाने करावी, असे ते कलम सांगते. उद्देश उत्तम. परंतु त्याच कायद्यातील पशुधनाच्या व्याख्येत म्हैस, बैल, गाय, उंट, गाढव, शेळी, मेंढी, घोडा, खेचर, याक, डुक्कर, बदक, हंस, कोंबडी अशी नावे आहेत, कुत्रा नाही. अकोल्याच्या डोंगरात याक सापडावयाचा नाही, पण कायद्याला त्याची आठवण राहिली. ज्या प्राण्याचा रोग रानात शिरण्याचा संभव सर्वांत अधिक, जो रोज रानात जातो आणि रोज गावात परत येतो, त्याचेच नाव लिहावयाचे राहून गेले. रायगडावर एका कुत्र्याचा पुतळा असावा की नसावा यावरून महाराष्ट्रात २०१२ साली आणि पुन्हा २०२५ साली मोठे वादंग झाले. गडाखालच्या जिवंत कुत्र्याला लस असावी की नसावी यावर कोणी दोन शब्द बोलल्याचे ऐकिवात नाही.

आणि हे काम अशक्य आहे असेही नाही. शेजारच्या गोव्यात २०१४ पासून सरकार व एक स्वयंसेवी संस्था यांनी मिळून कुत्र्यांच्या लसीकरणाची मोहीम चालविली. गावोगाव पथके जात. कुत्रा हाताने किंवा जाळ्याने धरावयाचा, लस टोचावयाची, अंगावर रंगाची खूण करावयाची आणि तेथेच सोडून द्यावयाचा. दरवर्षी हजारो कुत्र्यांना याप्रमाणे लस मिळाली. कुत्र्यांमधील रेबीजच्या मासिक घटना ९२ टक्क्यांनी उतरल्या, आणि २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले, तेव्हा त्याआधीच्या तीन वर्षांत माणसाचा एकही बळी नोंदलेला नव्हता. कोणालाही हटवावे लागले नाही, मारावे लागले नाही. शास्त्र असे सांगते, की एखाद्या प्रदेशातील दहापैकी सात कुत्र्यांना लस असली तर रोगाची साखळी तुटते. केंद्र सरकारने २०२१ साली जो राष्ट्रीय कृतिआराखडा केला त्यातही हेच प्रमाण आणि २०३० ही मुदत धरलेली आहे. मात्र कुत्र्यांचे आयुष्य अल्प आणि जन्म-मृत्यूची उलथापालथ मोठी असल्याने एकदा टोचून भागत नाही, दरवर्षी टोचावे लागते. अंगणातील लहान पिल्लांनाही वगळून चालत नाही. पिल्ले हिवाळ्यात जन्मतात, म्हणजे माघ-फाल्गुनात ती दोन-तीन महिन्यांची होऊन हिंडू लागलेली असतात.

गडांच्या पायथ्याशी हे काम शहरापेक्षा सोपे आहे, हे मुद्दाम सांगावयास हवे. वाडीत कुत्रे किती, कोणते कोणाच्या ओट्यावर निजते, कोणते टोळीबरोबर वर जाते, हे तेथील दहा वर्षांचे पोरही सांगू शकेल. कुत्र्याला जाळे लावावे लागत नाही, मालकाने नावाने हाक मारली की तो येतो. अडचण आहे ती दुसरीच. खिरेश्वर पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात आहे, गडमाथा व पलीकडची पाचनई अकोले तालुक्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. कुत्रा सकाळी जिल्हा ओलांडतो आणि संध्याकाळी परत ओलांडतो, पशुवैद्यकीय खात्याची फाईल मात्र ओलांडीत नाही. खालचा पशुधन विकास अधिकारी वरच्या कुत्र्याला आपला म्हणणार नाही, वनखाते कुत्र्याला पशू म्हणून ओळखणार नाही, आणि ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात त्याचे शीर्षच नसते.

खर्च किती? एका कुत्र्याच्या रेबीज लसीला लागणारी रक्कम, एक टोळी गडावरील झोपडीत एका वेळच्या पिठल-भाकरीला मोजते त्याच्यापेक्षा मोठी नाही. जेथे जेथे गडवाटेच्या नाक्यावर प्रवेशशुल्क घेतले जाते, तेथे त्यातील प्रत्येक माणशी दोन-चार रुपये त्या त्या पायथ्याच्या गावातील कुत्र्यांच्या लसीसाठी राखून ठेवावेत, त्याची वेगळी वही गावाच्या वन समितीकडे असावी, आणि महाशिवरात्रीच्या यात्रेपूर्वी दोन्ही जिल्ह्यांच्या पशुवैद्यांनी एकाच आठवड्यात, गडाच्या दोन्ही अंगांच्या गावांत फिरून लस टोचावी, एवढी ही मागणी आहे. यात्रा व हंगामाची गर्दी यांच्या आधीच हे झाले तर त्याचा लाभ अधिक. निर्बीजीकरण हे त्यानंतरचे, अधिक खर्चाचे व अधिक कौशल्याचे पाऊल. ते नको असे नाही, पण त्याची वाट पाहत लस थांबवून ठेवणे हा दरिद्री हिशेब होय. शहरातून आपला उंची, पट्टाबंद कुत्रा मोटारीतून घेऊन येणारेही आता पुष्कळ झाले आहेत. त्यांच्या खिशात त्या कुत्र्याच्या लसीचे प्रमाणपत्र असते. त्याच वाटेवर त्याचे नाक हुंगणाऱ्या गावच्या कुत्र्याची लस ही त्यांच्याही हिताची गोष्ट आहे, म्हणून हे दोन-चार रुपये त्यांना जड वाटण्याचे कारण नाही.

टोळीने करावयाचे ते वेगळे, आणि त्याला कोणत्याही खात्याची परवानगी लागत नाही. कुत्रा बरोबर आला तर येऊ द्यावा, पण वर खाऊ घालू नये. द्यावयाचेच तर परतल्यावर, त्याच्या ओट्यापाशी, त्याच्या माणसाच्या हाती द्यावे. याने कुत्र्याची भूक मारली जाते असा आक्षेप घेतला जाईल. तो खोटा नाही, एक दिवस त्याला वर उपाशी बसावे लागेल. पण वर मिळणारा घास हाच त्याला वर थांबण्याचे कारण होतो, आणि फाल्गुन संपून उन्हे तापली, पायऱ्या ओस पडल्या, झोपड्यांच्या चुली विझल्या की त्याच थांबलेल्या कुत्र्याला गडावर भेकराच्या पाडसाखेरीज आणि कोरड्या पडत चाललेल्या टाक्यातील पाण्याखेरीज काही उरत नाही. मुक्काम करणाऱ्या टोळीने संध्याकाळी खाली उतरणाऱ्या दुसऱ्या टोळीच्या मागे त्याला लावून द्यावे, हे जुने जाणते लोक करीतच असत. वाटेत तो गवतात शिरला तर शीळ घालून परत बोलवावे, सशामागे धावला तर टाळ्या पिटू नयेत. उष्ट्याची पिशवी गडावर न पुरता खाली आणावी. पुरलेले उकरून काढण्यास त्याला दोन मिनिटे लागतात.

खिरेश्वरला संध्याकाळी टोळी उतरते तेव्हा धरणाच्या पाण्यावर गारवा पुन्हा दाटू लागलेला असतो. कुत्रा फाट्यापर्यंत जात नाही. गावाच्या पहिल्या घरापाशी तो टोळीला सोडतो, मागे न पाहता ओट्याखाली जाऊन बसतो, आणि आतून कोणीतरी भाकरीचा तुकडा टाकते.